ऐकीव इतिहासाची झडती

दिल्लीतील पहाडगंज या वस्तीचे नाव प्रथम ऐकले, की सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला थोडे हसू येते. नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेकडील दारातून बाहेर पडून तो पहाड शोधू लागतो. त्याला दिसतात ती हॉटेले, फळांच्या गाड्या, दाटीवाटीच्या गल्ल्या आणि सपाट रस्ते. मग हे नाव खोटे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. अरवलीची शेवटची सोंड दिल्लीत येऊन थांबते. जवळची रायसीना टेकडी भोवतालच्या जमिनीहून अवघी साठएक फूट उंच असेल. पण यमुनाकाठच्या सपाट मुलखात साठ फूट हाच पहाड. शहाजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाज्याच्या आसपास मोगल काळी भरणारा धान्याचा बाजार म्हणून ‘गंज’, आणि टेकडीच्या जवळचा म्हणून ‘पहाडगंज’. नाव खरे आहे. माप मात्र दिल्लीचे आहे, साताऱ्याचे नव्हे. ही मापाची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

याच पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे आणि नूतन मराठी विद्यालयही आहे. महाराष्ट्रातून दिल्लीला येणारा कोणी परीक्षेसाठी, कोणी मंत्रालयातील कामासाठी, कोणी हरिद्वारच्या वाटेवर एक रात्र म्हणून येथे टेकतो. जेवणानंतर गप्पा रंगतात आणि गप्पांचा विषय, दिल्ली असल्यामुळे, हटकून इतिहासाकडे वळतो. अशा प्रत्येक बैठकीत चारपाच चमत्कारिक गोष्टी ऐकावयास मिळतात. पानिपतचे युद्ध ऐन संक्रांतीला झाले. भाऊसाहेबांनी दिल्लीचे तख्त घणाने फोडले. राघोबादादांनी स्वतः अटकेवर झेंडा लावला. बाजीरावांनी दहा दिवसांची मजल अठ्ठेचाळीस तासांत मारली. सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत चमक असते, आणि ‘हे खरे का?’ असे विचारणे हा काहीसा बेअदबीचा प्रकार ठरतो.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले आहे. तेथे एक सवय अंगवळणी पडते. कोणी काही विधान केले, की आपण विचारतो, कागद कुठे आहे? कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि लिहिणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली? हे तीन प्रश्न इतिहासालाही लागू पडतात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे विधान आपण सर्वांनी ऐकले आहे. विल्यम स्टकली नावाच्या इंग्रज पुराणवस्तुसंशोधकाने १७५४ साली एका पत्रात, ती भिंत चंद्रावरून दिसत असावी, असे लिहिले होते. रिप्ले यांच्या प्रसिद्ध व्यंगचित्रमालेने १९३२ साली तेच पुन्हा जगभर पसरविले. मनुष्य चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. म्हणजे पाहणारा जन्मण्यापूर्वीच साक्ष नोंदविली गेली होती! पुढे २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्याने सरळ सांगितले. चंद्र तर त्याच्या कक्षेहून हजारपट दूर. तीन प्रश्नांपैकी केवळ दुसरा, ‘केव्हा’, हा प्रश्न विचारला असता तरी ही दंतकथा जागच्या जागी गळून पडली असती.

आता हाच दिवा घेऊन आपल्या घरात शिरू.

पहिली गोष्ट संक्रांतीची. पानिपतचे तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, हे निर्विवाद आहे. १४ जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, हेही आपल्या अंगवळणी पडलेले. दोहोंची सांगड सहज बसते, आणि मग ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार पानिपतावरूनच आला, असे आपण सांगू लागतो. परंतु त्या काळच्या मराठी माणसाला ‘१४ जानेवारी’ ही तारीख ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी तो दिवस होता शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. इंग्रजी तारीख मागाहून गणिताने काढली गेली. मग त्या वर्षी संक्रांत केव्हा होती?

येथे थोडे ज्योतिर्गणित लागते, पण ते अवघड नाही. आपली संक्रांत नक्षत्रांवरून मोजलेल्या सूर्यगतीवर ठरते. इंग्रजी वर्ष ऋतूंवर बेतलेले आहे. दोन्ही वर्षांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. हा फरक साचत जातो आणि साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. त्यामुळे संक्रांत इंग्रजी तारखांतून हळूहळू पुढे सरकत असते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, हे प्रसिद्ध आहे. आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संक्रांत १२ तारखेस येत होती. आणखी शंभर वर्षे मागे जा, म्हणजे १७६१ साली ती १० जानेवारीच्या सुमारास पडते. युद्ध झाले तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. १४ जानेवारी ही संक्रांतीची तारीख विसाव्या शतकात रूढ झाली. तेव्हा ‘पानिपत संक्रांतीला झाले’ ही समजूत त्याहून जुनी असू शकत नाही. पेशवाईतील कोणाही म्हाताऱ्याने ती सांगितलेली नसणार. राहिला वाक्प्रचार. पंचांगात संक्रांत ही देवता मानलेली आहे. तिचे वाहन कोणते, ती कोठून आली, कोणत्या दिशेस जाते, कोणाकडे पाहते, याचे फळ सांगितलेले असते; आणि जिच्यावर तिची दृष्टी पडते त्या वस्तूला किंवा दिशेला ते अशुभ मानतात. ‘संक्रांत येणे’ समजण्यास एवढा आधार पुरेसा आहे. त्यासाठी पानिपताची गरज नाही.

पण या हिशेबाने पानिपताचे दुःख उणे झाले काय? उलट, खरी तारीख अधिक काही सांगते. नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून ते सैन्य पानिपतात अडकून पडले होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा संपली. जानेवारीत सण आला तो उपासमारीत पडलेल्या छावणीत आला. त्यानंतर चार दिवसांनी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, अशा निर्धाराने ती माणसे बाहेर पडली. सणाच्या दिवशीच युद्ध झाले या योगायोगात नाट्य आहे खरे. परंतु सण उलटून गेला आणि माणसे उपाशीच राहिली, या सत्यात जी व्यथा आहे ती त्या नाट्यात नाही.

पानिपतच्या रणभूमीजवळ ‘काला आंब’ या नावाचे स्मारक आहे. तेथे एक आम्रवृक्ष होता. रणातील रक्त मुरून त्याच्या फळांचा रस काळपट झाला, असे सांगतात. वनस्पतिशास्त्र याला दुजोरा देत नाही. झाडाची मुळे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार शोषून घेतात. रक्ताचा रंग मातीतच विघटित होऊन जातो, तो फळापर्यंत पोहोचत नाही. ही कथा विज्ञान म्हणून टाकून द्यावी; पण तेथील भूमी लोकांनी किती काळ मनात जपली, याची साक्ष म्हणून ती ठेवावी. दंतकथा घडलेल्या गोष्टीबद्दल खोटे बोलते, पण सांगणाऱ्याच्या मनाबद्दल बहुधा खरे बोलते.

दुसरी गोष्ट तख्ताची. दिल्लीचे तख्त फोडले, असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ते शहाजहानचे मयूरासन. ते मयूरासन नादिरशहाने १७३९ मध्येच इराणला नेले होते. भाऊसाहेबांच्या फौजेने दिल्ली घेतली १७६० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनंतर. जे तेथे नव्हते ते फोडणार कसे? भाऊसाहेबांनी उतरविले ते दिवाण-इ-खासचे चांदीचे छत. ही गोष्ट मात्र खरी आहे. ती चांदी वितळवून तिचे रुपये पाडले गेले. रुपये किती झाले, याचे आकडे लेखकागणिक पालटतात. कोणी नऊ लाख म्हणतो, कोणी सतरा लाख. जेथे आकडे असे डोलतात, तेथे घटना मानावी आणि आकडा हातचा राखून ठेवावा, हा चांगला नियम आहे. आज लाल किल्ल्यात त्या जागी दिसणारे रंगीत छत लाकडाचे आहे.

हे छत का उतरविले, हे विचारले म्हणजे कथेचा सारा रंगच बदलतो. घण घालणारा विजेता आपल्याला आवडतो. परंतु भाऊसाहेबांची तिजोरी तेव्हा रिकामी होती, उत्तरेतून वसूल होत नव्हता आणि फौजेचा पगार थकला होता. छत उतरविणे हा गर्वाचा भाग कमी, गरजेचा अधिक होता. याच भाऊसाहेबांनी विश्वासरावांना दिल्लीच्या तख्तावर बसविण्याचा घाट घातला होता, असेही सांगण्यात येते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १७६० मध्ये त्यांनी बादशहा म्हणून नाव पुकारले ते शाह आलमचे, आणि त्याचा पुत्र जवानबख्त याला त्याच्या गैरहजेरीत पुढे केले. मोगलांची गादी मोडण्यापेक्षा ती आपल्या हाताशी ठेवणे, हे मराठ्यांच्या दिल्लीतील राजकारणाचे सूत्र होते. दंतकथेत घण आहे. इतिहासात हिशेबाची वही आहे.

तिसरी गोष्ट अटकेची. १७५८ च्या वसंतात मराठ्यांनी सरहिंद घेतले आणि एप्रिलमध्ये लाहोरात प्रवेश केला. मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या, हेही खरे. पण त्या फौजांचे पुढारी होते तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्यासारखे सरदार. रघुनाथराव स्वतः लाहोर आणि चिनाब या टापूपलीकडे गेले नाहीत. मे महिन्यात ते दक्षिणेकडे वळले. म्हणजे ‘मराठ्यांनी अटक गाठले’ हे खरे, ‘राघोबांनी स्वतः गाठले’ हे खोटे. या लहानशा दुरुस्तीने एक अन्याय दूर होतो. थोरांच्या नावावर धाकट्यांचे कष्ट जमा करण्याची खोड लोकस्मृतीला फार आहे. साबाजी शिंद्यांचे नाव आज किती मुलांना ठाऊक असेल?

आणि त्या झेंड्याची किंमत? पंजाब अदीना बेगकडे पंचाहत्तर लाखांच्या सालिना खंडणीवर सोपविला. सप्टेंबरात अदीना बेगच वारला. पुढील वर्षाच्या अखेरीस अब्दाली पुन्हा उतरला आणि सरहद्दीवरील मराठी ठाणी उठली. अटकेवरील अंमल वर्षदीड वर्षाहून अधिक टिकला नाही. रघुनाथराव पुण्यास परतले ते सुमारे ऐंशी लाखांचे कर्ज घेऊन, असे इतिहासकार सांगतात. त्यावरून भाऊसाहेबांशी खटका उडाला आणि पुढच्या मोहिमेवर राघोबांऐवजी भाऊसाहेब निघाले. ती मोहीम पानिपताची. ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग मराठीत अभिमानाने नांदतो आणि नांदावा. परंतु त्या झेंड्यापासून पानिपतापर्यंत जाणारी वाटही मुलांना दाखवावी.

आता चौथी गोष्ट, बाजीरावांची. मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन ठेपले. बादशाही सेनापती त्यांना आग्र्याच्या बाजूस हुडकीत होते. बाजीराव मेवातच्या डोंगराळ भागातून बगल देऊन निसटले आणि एकाएकी राजधानीपुढे उभे राहिले. तालकटोरा, रकाबगंज ही स्थळे पहाडगंजापासून फार लांब नाहीत. तेथेच मीर हसन कोका याच्या फौजेचा मराठ्यांनी पराभव केला. यातील काही संशयास्पद नाही. चिमाजीअप्पांना स्वतः बाजीरावांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. घटना घडविणाऱ्यानेच, घटनेनंतर लागलीच, आपल्या भावाला लिहिलेला कागद! आमच्या तीनही प्रश्नांना याहून चांगले उत्तर मिळणे कठीण.

मग ‘दहा दिवसांची मजल अठ्ठेचाळीस तासांत’ हे खरे की खोटे? येथे पहाडगंजाचे माप आठवावे. दहा दिवस कोणाचे? बादशाही फौज चाले ती तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे आणि जनानखाना घेऊन. दिवसाकाठी पाचसहा कोस झाले तरी पुष्कळ. अशा दहा मजला म्हणजे पन्नाससाठ कोस. तोफा नाहीत, तंबू नाहीत, जादा घोडी सोबत आहेत, अशा सडया मराठी स्वाराला पंचवीसतीस कोसांची दौड अशक्य नव्हती. म्हणजे या विधानात चमत्कार मुळीच नाही. बादशहाचा दिवस आणि बाजीरावाचा दिवस यांतील भागाकार आहे. ‘अठ्ठेचाळीस’ या आकड्याला काटेकोर मानू नये, कारण छावणीत कोणी घड्याळ धरून बसले नव्हते. पण वेगाचा मुद्दा खरा आहे. १७२८ मध्ये पालखेड येथे याच वेगाने त्यांनी निजामास कोंडीत पकडले होते. आणि दुसऱ्या महायुद्धातील सेनानी फील्ड मार्शल मॉंटगोमेरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासात पालखेडच्या मोहिमेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. ऐकताना थाप वाटावी, पण खरी, अशी ही गोष्ट आहे.

त्याच पत्रातून दिसणारी एक गोष्ट दंतकथांना सुचली नाही. दिल्ली जाळण्याचा विचार बाजीरावांच्या मनात आला होता आणि त्यांनी तो सोडून दिला. नगरी थोर आहे, आणि बादशाही पार बुडवून आपले राजकारण साधणार नाही, असा त्यांचा विचार. हात उगारून खाली घेण्याचा हा प्रसंग कोणत्याही विक्रमाहून मोठा आहे. पण तो प्रश्नमंजूषेत बसत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

दिल्लीकरांचीही अशीच एक लाडकी गोष्ट आहे. शाह आलमचे राज्य दिल्लीपासून पालमपर्यंतच उरले होते, अशी त्यांची फारशी कोटी. आज पालमला विमानतळ असल्यामुळे ती सर्वांना पटकन कळते. ती दुसऱ्या शाह आलमविषयी सांगतात, आणि शोभतेही; कारण १७७२ च्या जानेवारीत त्याला दिल्लीत आणून बसविले ते मराठ्यांनीच. परंतु सय्यद घराण्याचा अखेरचा सुलतान आलमशाह पंधराव्या शतकाच्या मध्यास राज्य करीत होता, आणि हीच कोटी त्याच्या नावावरही नोंदलेली आहे. थट्टा तीनशे वर्षे जुनी. नाव जुळले, राज्य आकसले, आणि ती नव्या धन्याकडे चाकरीस लागली! दंतकथांचा हा स्वभावच आहे. त्या मालक बदलतात, पण मरत नाहीत.

मग सगळेच विचित्र ते खोटे, असे समजावे काय? तसेही नाही. इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून घेतली, असे आपण ढोबळपणे म्हणतो. खरे असे, की ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे, पटपडगंजच्या लढाईत, इंग्रज सेनापती लेक याने हरविली ती दौलतराव शिंद्यांची फौज. आणि त्या मराठी फौजेचा सेनानायक होता लुई बुर्कँ नावाचा फ्रेंच माणूस. त्या लढाईचे स्मारक आज कोठे आहे? नोएडातील गोल्फच्या मैदानात. एखाद्याने गप्पांत हे सांगितले तर आपण त्याला थापाड्या म्हणू. पण याला कागदाचा आधार आहे आणि दगडाचाही.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, तारखा चार दिवसांनी इकडेतिकडे झाल्या तर काय बिघडले? एवढ्याने अभिमान वाढत असेल तर वाढू द्यावा. मला यात एक धोका दिसतो. खोट्या पायावर उभा केलेला अभिमान प्रश्न सहन करू शकत नाही. दिल्लीत वाढणारे मराठी मूल शाळेत, मैदानावर, इतर प्रांतांतील मुलांमध्ये वावरते. घरी ऐकलेली गोष्ट ते तेथे सांगते. दुसरा कोणी पुस्तक उघडून ती खोडून काढतो. अशा वेळी ते मूल दोनपैकी एक वाट धरते. एक तर घरच्या सर्वच गोष्टी खोट्या मानू लागते, नाहीतर पुस्तक उघडणाऱ्याला शत्रू समजू लागते. दोन्ही वाटांनी आपले नुकसान आहे. पहिल्या वाटेने इतिहास जातो, दुसरीने विवेक जातो.

यावर उपाय साधा आहे. गोष्ट सांगतानाच तिच्याबरोबर तिचा आधारही सांगावा. ‘असे म्हणतात’ आणि ‘असे लिहून ठेवले आहे’ हे दोन शब्दप्रयोग आपल्या भाषेत पूर्वापार वेगळे आहेत. ते वेगळेच राहू द्यावेत. मुलाने विचारले, ‘तुम्हांला हे कोणी सांगितले?’, तर रागावू नये. पानिपताच्या धुळीत जी माणसे पडली त्यांची नावेही आपल्यापाशी पुरती नाहीत. त्यांच्यासाठी आपण एवढेच करू शकतो, की त्यांच्याविषयी जे बोलू ते तपासून बोलू. हे त्यांचे तर्पणच आहे, आणि त्याला तिथी पौष शुद्ध अष्टमीची आहे.